अकरा टक्के विशाखा

शिरोडे काकूंना विशाखा पहिल्या भेटीतच आवडली, आणि काकूंना माणसं सहजासहजी आवडत नसत. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई. समोरच्याचं उत्तर ऐकायच्या आधीच त्यात चूक असणार असं धरून चालायची. पाथर्डी फाट्याला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. विशाखाने ते बघितलं, खिडकी उघडून पुन्हा लावली, मोरीतला नळ सोडला आणि सांगितलं, "काकू, मोरीचा उतार उलटा आहे. पाणी दाराकडे येतंय. पण मला चालेल."

याआधी आठ-दहा जणं येऊन घर बघून गेली होती. उताराबद्दल एकानेही तोंड उघडलं नव्हतं. काकू खूश झाल्या. म्हणाल्या, "घर तुमचं. ठशाचं तेवढं उरकून टाका, की किल्ली घ्या."

ठशाचं उरकायचं म्हणजे दाराच्या चौकटीत बसवलेल्या यंत्राशी पाच मिनिटं बोलायचं. भाड्याच्या घरात एकाच्या नावावर दुसराच घुसवायचे प्रकार इतके वाढले होते, की त्या वर्षीपासून प्रत्येक भाडेकरूला ते सक्तीचं झालं होतं. विशाखा यंत्रासमोर उभी राहिली, नाव सांगितलं. यंत्राने मऊ आवाजात विचारलं, "शेजारणीने दिलेली काचेची वाटी तुमच्या हातून फुटली. तिला काय सांगाल?"

"फुटली म्हणून सांगेन. तशीच मिळाली तर आणून देईन."

"जेवायला येतो म्हणालेले पाहुणे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले. काय म्हणाल?"

"का आला नाहीत ते विचारीन."

असे पाच प्रश्न झाले. यंत्र थोडं थांबलं आणि म्हणालं, "जुळणी अकरा टक्के. आपण विशाखा तुषार कोठावदे नाही आहात. कृपया खऱ्या विशाखा कोठावदे यांना घेऊन या."

काकूंनी चष्मा वर सारला. "अगंबाई! मग तुम्ही कोण?"

विशाखाने पर्समधून आधार कार्ड काढलं, लॅबचं ओळखपत्र काढलं. ती एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होती, एकवीस वर्षं. "काकू, मीच आहे हो विशाखा," ती म्हणाली. स्वतःच स्वतः असल्याचं पटवून द्यायची वेळ कधी आलीच नव्हती. चोरी करताना सापडल्यासारखी लाज तिला वाटली.

काकूंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "मला पटतंय हो. पण दाराला पटायला नको का? आठ दिवस घर कोणाला दाखवत नाही. तेवढ्यात काय ते निस्तरा."

आता हा ठसा काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. अंगठा, चेहरा, आवाज यांचं राज्य केव्हाच संपलं होतं. कोणीही उठावं आणि कोणाचाही आवाज काढावा, कोणाचाही चेहरा लावून व्हिडिओवर बोलावं, अशी वेळ आली होती. फोनवर जावई म्हणून रडणारा माणूस जावई निघत नव्हता. तेव्हा काही संशोधकांनी वेगळ्या बाजूने विचार केला. माणूस दिसतो कसा हे सोडून द्या, तो निवडतो कसं ते बघा. 'नाही' म्हणायच्या आधी किती घुटमळतो, अडचणीत सापडला की सरळ जातो की वळसा घेतो, पहिला शब्द स्वतःबद्दल काढतो की समोरच्याबद्दल. अशा लाखभर बारीक निवडी गोळा केल्या, की त्यातून त्या माणसाचा एक नमुना तयार होतो. दोन माणसांचा नमुना सारखा निघत नाही, जुळ्या भावंडांचासुद्धा नाही. टाइप केलं काय आणि तोंडी बोललं काय, नमुना तोच. आवाज कोणाचा आहे याच्याशी यंत्राला देणंघेणंच नाही. चोराला आवाज चोरता येतो, पण फुटलेल्या वाटीबद्दल तुम्ही काय बोलाल हे कळायला तुमच्या घरात वर्षानुवर्षं राहावं लागतं, आणि इतका वेळ कुठल्या चोराकडे असतो? संशोधकांचं गणित बिनचूक होतं. त्यांनी हिशेबात फक्त लग्न धरलं नव्हतं.

घरांच्या व्यवहारात थापा फार, म्हणून हा ठसा सगळ्यात आधी इस्टेट एजंटांना लागू झाला होता. त्यासाठी 'गृहसूची' नावाचं सॉफ्टवेअर आलं. प्रत्येक एजन्सीचं त्यात एक खातं. खातं उघडलं की त्यातल्या एजंटांची यादी समोर येते; नाव, परवाना, मोबाईल नंबर आणि ठसा. ठसा द्यायला कोणालाही बोलावलं नव्हतं. यादीतल्या नंबरवरून दहा वर्षांत जे काही निरोप गेले होते, ते वाचून यंत्राने आपलं आपणच काम उरकलं. पुढे नियम झाला, की एका माणसाचा ठसा एकच. गृहसूचीत ज्याचं नाव आहे, त्याचा तिथलाच ठसा सगळीकडे चालणार. नाव नसेल, तर दाराशी नवा ठसा घेतला जातो आणि पाच मिनिटांत किल्ली हातात पडते.

विशाखाचं नाव गृहसूचीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती सुट्टी टाकून ठसा केंद्रात गेली. तिथे गांगुर्डे नावाचे निवृत्तीला आलेले गृहस्थ बसले होते. कागदात भेळभत्ता घेऊन खात होते. त्यांनी हात पुसले, तिचं नाव टाकलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"कोठावदे प्रॉपर्टीज. खातेप्रमुख तुम्हीच. ही बघा तुमच्या खात्यातल्या एजंटांची यादी."

यादीत चार नावं होती. पहिली ओळ विशाखाची. दुसरी तिच्या नवऱ्याच्या, तुषारच्या धाकट्या भावाची बायको, तिसरी चुलतभावाची बायको. चौथी तुषारची आई, जिला आलेला फोन उचलायचा कसा हे अजून धड जमत नव्हतं. नुसती यादी वाचली तर वाटावं, महिला बचत गट आहे. प्रत्यक्ष घरं दाखवत फिरायचे ते तुषार आणि हे दोघे भाऊ, पण तिघांपैकी एकाचंही नाव त्यात नव्हतं.

"तीनशे बारा घरं लावलीत तुम्ही," गांगुर्डे कौतुकाने म्हणाले. "आणि ठसा काय पक्का आहे! असा ठसा क्वचित बघायला मिळतो."

"मी एकही घर लावलेलं नाही. मी रक्त काढते."

गांगुर्ड्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "मिस्टर सरकारी नोकरीत का?"

"हो."

"मग झालं तर."

सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तुषार एका सरकारी कचेरीत कारकून. सरकारी नोकराला दुसरा धंदा करता येत नाही, म्हणून परवाना बायकोच्या नावावर. धंद्याचं सिमही बायकोच्या नावावर. सगळेच करतात. लग्नाला दोन वर्षं झाली होती, स्पृहा पोटात होती, तुषारने कागद पुढे केले आणि विशाखाने तो दाखवेल तिथे सह्या केल्या. ते सिम वीस वर्षं तुषारच्या खिशात होतं. 'विशाखा मॅडम' म्हणून निरोप तो पाठवायचा. फोन आलाच तर "मॅडम साइटवर आहेत, मी मिस्टर बोलतोय" असं सांगायचा. यंत्राने ते सगळं मन लावून वाचलं आणि त्यातून जी विशाखा तयार झाली, तो अख्खा तुषार होता.

"मग माझा नवा ठसा घ्या," ती म्हणाली.

"घेता येतो की. ठसाधारकाने स्वतः तोंडी अर्ज करायचा, इथे, यंत्रासमोर. म्हणजे आधी तुम्ही विशाखा आहात हे जुळायला हवं."

"ते जुळत नाही म्हणून तर नवा हवाय ना!"

"बरोबर आहे तुमचं," गांगुर्डे म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "लेखी तक्रार करता येईल. पण ताई, परवाना दुसऱ्याला वापरू दिला हा गुन्हा आधी तुमच्यावर लागेल. सह्या तुमच्या आहेत. आणि त्या तीनशे बारा घरांबद्दल ज्याची जी काही तक्रार असेल, तीही तुमच्याच नावावर." त्यांनी भेळेचा कागद पुढे केला. "घ्या थोडी."

विशाखाने घेतली नाही.

खरं तर या तीनशे बारांपैकी एका घरामुळेच ती घर सोडायला निघाली होती. तीन महिन्यांपूर्वी लॅबमध्ये रोहिणी सांगळे नावाची बाई रक्त द्यायला आली. विशाखाने दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, तेवढ्यात त्या बाईने विशाखाच्या कोटावरची नावाची पट्टी वाचली. "कोठावदे? विशाखा कोठावदे? प्रॉपर्टीवाल्या मॅडम तुम्हीच ना?"

विशाखाने 'नाही' म्हणायच्या आतच बाईने मोबाईल काढून निरोप दाखवला. "वहिनी, पाण्याचं काय घेऊन बसलात! चोवीस तास पाणी. माझा शब्द आहे." खाली विशाखाचं नाव होतं. रोहिणी म्हणाली, "सासरे अंथरुणावर आहेत माझे. तुमच्या शब्दावर गावाकडनं आणलं त्यांना. चौथ्या मजल्यावर मी पाणी वाहतेय, दीड वर्षं. लिफ्ट पण बंद. एवढंच विचारते मॅडम, बाईमाणूस असून असं का केलंत?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारत होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा विशाखाची सुई चुकली, दुसऱ्यांदा टोचावी लागली.

लॅबमध्ये विशाखा हिमोग्लोबिनच्या नऊ दशांश चारचं कधी साडेनऊ करत नसे. तिच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. दिसायला बेताची, बोलायला कमी. पण तिने सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं डॉक्टरसुद्धा मानत. आणि तिच्या नावाने गावभर शब्द वाटले जात होते. त्या दिवशी घरी जाऊन तिने तुषारला सांगितलं, माझं नाव काढून टाक. तो हसला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. घर शोधायला लागली. स्पृहा शिकायला हैदराबादला गेली होती, थांबायला दुसरं कारण उरलं नव्हतं. स्वतःच्या नावाने एक खोली घ्यायची, मग रोहिणी सांगळेकडे जाऊन खरं काय ते सांगायचं आणि माफी मागायची, एवढंच तिला हवं होतं.

केंद्रातून ती घरी आली तेव्हा तुषार सोफ्यावर बसून शेंगा सोलत होता. तिने सगळं सांगितलं. अकरा टक्के ऐकून तो इतका हसला, की शेंगा सांडल्या.

"म्हणजे मी गेलो तर मी विशाखा ठरेन? अगं, मग मला पुढे पेन्शनसाठी ठसा द्यायला लागेल तेव्हा काय होणार! खिडकीवर म्हणतील, या विशाखाताई, बसा."

"हसू नकोस तुषार. मला माझं नाव परत हवंय."

"नावाचं काय घेऊन बसलीस विशू? तुझं नाव मोठं केलं मी. नाशकात कुठेही जा, विशाखा मॅडम म्हटलं की लोक खुर्ची देतात."

"मी जातेय. पाथर्डी फाट्याला खोली बघितली आहे."

त्याने मांडीवरची टरफलं झटकली. मग उठून तिच्याजवळ आला. मारणारा, ओरडणारा माणूस नव्हता तो. तसा असता तर विशाखा दहा वर्षांपूर्वीच गेली असती. तुषार गोड होता. "जायचंय ना? जा," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. चल, मीच येतो त्या दारापाशी. पाच मिनिटं बोलतो, किल्ली तुझ्या हातात देतो. मग तर झालं?"

विशाखाला क्षणभर खरंच हायसं वाटलं. "आणि पुढे?"

"पुढे काय? दर अकरा महिन्यांनी करार नवा होतो, तेव्हा यायचं माझ्याकडे. आणि दार रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारतं म्हणे. त्याचं बघू काहीतरी. मी आहे ना!" त्याने सोललेले दाणे तिच्या तळहातावर ठेवले. "होऊन जाईल सगळं. माझा शब्द आहे."

तिने दाणे टेबलावर ठेवले. या माणसाच्या तावडीतून सुटायची वाटही याच्याच तोंडातून जाते, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

पण त्याच वेळी तिला दुसरंही काही कळलं. ठसाधारकाने यंत्रासमोर यायचं, एवढाच नियम होता. तुषारसारखं बोलायला तुषारच कशाला हवा? वीस वर्षं स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तिने बाहेरच्या खोलीतले त्याचे फोन ऐकले होते. आधी समोरच्याचं नातं लावायचं, वहिनी, काका, ताई. मग त्याचाच प्रश्न त्याला क्षुल्लक करून दाखवायचा. मग हसायचं. मग विषय चहाकडे न्यायचा. 'नाही' हा शब्द तर काढायचाच नाही. आणि शेवटी, समोरचा उठायला लागला की शब्द द्यायचा. तिला ते पाढ्यांसारखं पाठ होतं. एकदा विशाखा म्हणून जुळलं की लगेच नव्या ठशाचा अर्ज करायचा आणि मोकळं व्हायचं. एकदाच करायचं होतं.

जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या सामानाच्या खोलीत उभी राहून ती पुटपुटायला लागली. पहिल्या दिवशी वाक्यं अर्ध्यावरच राहत. पाचव्या दिवशी तिने परीक्षा म्हणून लेकीला निरोप टाकला. स्पृहाने आदल्या दिवशी विचारलं होतं, की दिवाळीला तिकीट मिळत नाही, काय करू. विशाखाने लिहिलं, "अगं राणी, तिकिटाचं काय घेऊन बसलीस! तू फक्त बॅग भर, बाकी होऊन जाईल."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "बाबा, आईच्या फोनवरून का मेसेज करतोयस?"

विशाखाने मोबाईल पालथा घातला. आनंद व्हायला हवा होता. तिला रडू आलं.

सातव्या दिवशी सकाळी ती गांगुर्ड्यांच्या टेबलाशी बसली. समोर यंत्र, शेजारी पडद्यावर जुळणीचा आकडा. गांगुर्ड्यांनी आधीच बजावलं. "अर्ज चालू असताना आकडा साठच्या खाली गेला, की तोतयेगिरी म्हणून ठसा कायमचा कुलूपबंद. मग पोलिसांकडे जातं. मधेच मागे घेता येतो, पण मग पाच वर्षं पुन्हा अर्ज नाही."

यंत्राने विचारलं, "मैत्रिणीला वेळ देऊन तुम्ही विसरलात. ती तासभर ताटकळली. काय सांगाल?"

विशाखाने श्वास घेतला, खुर्चीत मागे रेलली, आणि हसली. "अगं, तासाचं काय घेऊन बसलीस! मी आले असते तर तुला एवढा निवांत वेळ मिळाला असता का? चल, चहा घेऊ, फक्कड."

आकडा एकदम चौऱ्याऐंशीवर गेला. गांगुर्ड्यांनी मान वर केली. चार प्रश्न झाले तेव्हा तो ब्याण्णव झाला होता.

"नमस्कार विशाखाताई," यंत्र म्हणालं. "नव्या ठशासाठी आपला अर्ज आहे. कारण सांगा."

इथवर आल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. संपलं, असं तिला वाटलं. ती ताठ बसली आणि म्हणाली, "हा ठसा माझा नाही. माझ्या नवऱ्याचा आहे. मी त्याला माझं नाव वापरू दिलं, ती माझी चूक झाली."

आकडा एक्क्याऐंशी झाला.

"मी कोणालाही कसलाही शब्द दिलेला नाही."

सत्तर.

"बोलणारी व्यक्ती बदलल्याचा संशय आहे," यंत्र म्हणालं. "विशाखाताई, आपणच बोलत आहात ना?"

"हो, मीच बोलतेय. आत्ता मी खरी—"

चौसष्ट. गांगुर्डे टेबलाखालून हात हलवून तिला थांबा, थांबा म्हणत होते. जितकं खरं बोलावं तितकी ती खोटी ठरत होती, आणि तिच्याकडे खऱ्याशिवाय दुसरं कारण नव्हतं. बासष्ट. एकसष्ट. उद्या काकूंचा आठवा दिवस होता.

ती खो खो हसली. स्वतःचं हसू ऐकून तिच्या अंगावर काटा आला. "अहो, गंमत केली हो! तुम्ही पण ना, लगेच संशय! नव्या ठशाचं काय घेऊन बसायचं, जुना काय वाईट आहे? राहू द्या तो अर्ज."

आकडा घुटमळला आणि वर चढायला लागला. सदुसष्ट, एकोणऐंशी, नव्वद.

"अर्ज मागे घेतला आहे," यंत्र प्रसन्नपणे म्हणालं. "आणखी काही सेवा?"

तिने त्याच हसऱ्या आवाजात दोन कामं उरकली. खातेप्रमुख म्हणून गृहसूचीतल्या यादीतून आपलं नाव काढलं. पहिली ओळ पुसली गेली आणि धाकट्या जावेचं नाव वर सरकलं. आणि शिरोडे काकूंच्या दाराला होकार कळवला. नाव यादीतून गेलं तरी ठसा राहतो, हे गांगुर्ड्यांनी तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी उठून स्वतः चहा आणून दिला.

दुपारी तुषारचा फोन आला. ती शिव्या ऐकायच्या तयारीने थांबली. "विशू, नाव काढलंस? तू? त्या यंत्राला गुंडाळलंस?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात निव्वळ कौतुक होतं. "वा गं! माझीच बायको!"

विशाखाने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दोन बॅगा घेऊन पाथर्डी फाट्याला राहायला गेली.

घर छान होतं. सकाळचं ऊन थेट ओट्यावर यायचं. उलट्या उताराला तिने एक पोतं अंथरलं. फक्त संध्याकाळी लॅबमधून आलं की जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मिनिटभर थांबावं लागायचं. पर्स खाली ठेवायची, खांदे सैल सोडायचे, तुषारला आठवायचं, मग दारापुढे जायचं. दार एक प्रश्न विचारायचं, ती उत्तर द्यायची, आत जायची, आणि तोंड धुवायची. पाच वर्षांचाच तर प्रश्न आहे, असं ती स्वतःला सांगायची.

रोहिणी सांगळेकडे जायचं मात्र लांबत गेलं. आज जाऊ, रविवारी जाऊ. पाच महिन्यांनी एका रविवारी ती निघाली. बसमध्ये वाक्यं घोकत होती. 'तो निरोप मी पाठवला नव्हता. पण नाव माझं होतं. मी तुमची माफी मागायला आले आहे.' तीन वाक्यं, तिच्या स्वतःच्या पद्धतीची. चार मजले चढून ती वर गेली. लिफ्ट अजून बंदच होती. पॅसेजमध्ये पाण्याच्या कळशा आणि डबे ओळीने मांडून ठेवले होते. रोहिणीने दार उघडलं. ती वाळली होती. आतून म्हाताऱ्याच्या खोकण्याचा आवाज येत होता.

"मॅडम? तुम्ही?" रोहिणी म्हणाली. "पाण्याचं काही झालं का?"

विशाखाने तोंड उघडलं. तिन्ही वाक्यं तयार होती.

"अहो वहिनी," ती म्हणाली, "पाण्याचं काय घेऊन बसलात! मी आलेय ना आता? बोलते मी बिल्डरशी. होऊन जाईल."

रोहिणीचा चेहरा एकदम उजळला. तेच विशाखाला बघवेना. ती बाई आत वळून सासऱ्यांना सांगायला लागली, बघा, मॅडम स्वतः आल्यात, आता होईल काम. म्हाताऱ्याने झोपल्या झोपल्या हात जोडले. रोहिणी चहा टाकायला गेली. कळशीतलं पाणी ती मोजून ओतताना विशाखाला दिसली. सांगून टाक, सांगून टाक, असं ती मनात ओरडत होती, आणि तोंडाने म्हणत होती, "साखर कमी हं वहिनी, नाहीतर मलाच आमच्या लॅबमध्ये रक्त द्यावं लागेल." रोहिणी हसली. विशाखा निघाली तेव्हा तिने तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "नक्की ना मॅडम?"

"माझा शब्द आहे," विशाखा म्हणाली.

घरी कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. जिना चढली ती थेट दारापर्यंत गेली. डोळे भरलेले, पर्स खांद्यावर तशीच. शेवटच्या पायरीवर थांबायचं ती विसरली होती.

"फोडणी करपली," दार म्हणालं. "पाहुण्यांना काय सांगाल?"

तिला आता या खेळाचा कंटाळा आला होता. काय तोंडात येईल ते ती बोलून गेली. "सांगेन, खमंग झालीय म्हणून. घ्या अजून."

"जुळणी सत्त्याण्णव टक्के. या, विशाखाताई."

दार उघडलं. आत ओट्यावर सकाळचा चहाचा कप तसाच होता. विशाखा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आज तिने तुषारला आठवलंच नव्हतं.